बीपी पडलं की सलाईन वाढवायचंच का?
वर एकांनी विचारलंय, बायपासच्या वेळी वडिलांचं बीपी पडलं तर भूलतज्ज्ञांनी सलाईन वाढवायचं सोडून बीपी वाढवणाऱ्या औषधाचा पंप का लावला. आपल्या लातूर-नांदेडकडं सलाईन लागलं की निम्मं दुखणं गेलं असं धरतात, तेव्हा प्रश्न साहजिक आहे.

पण सलाईनचं पाणी दिलं म्हणून हृदय दर ठोक्याला जास्त रक्त फेकेलच असं नाही. साधारण निम्म्याच पेशंटला फायदा होतो. बाकीच्यांचं हृदय आधीच ताणलेलं असतं; चिबडलेल्या काळ्या रानात मोटार चालूच ठेवावी तसं. जादा पाणी फुफ्फुसात उतरतं.

ओळखायचं कसं? पूर्वी मानेतल्या नळीवरचा सीव्हीपी, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब बघायचे, तो यासाठी फारसा कामाचा नाही. व्हेंटिलेटरच्या श्वासाबरोबर धमनीच्या बीपीची लाट कमीजास्त होते. हा फरक 13 टक्क्यांच्या वर गेला तर पाणी लागू पडण्याची शक्यता बरीच. मात्र छातीचं हाड उघडलं की आतल्या दाबाचं गणितच बदलतं आणि हा आकडा भरवशाचा राहत नाही. ठोके अनियमित असले तरी तेच. म्हणजे ऐन गरजेला दगा!

म्हणून मला विचाराल तर 100 मिली पटकन देऊन अन्ननलिकेतून घातलेल्या इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) बघावं. दर ठोक्याचं रक्त साधारण 10 टक्क्यांनी वाढलं तर पुढं द्यावं, नाहीतर औषधाकडं वळावं. नंतर आयसीयूत पाय उचलूनही (पायातलं रक्त हृदयाकडं येतं) हेच तपासता येतं, नुसत्या बीपीवर जाऊ नये.

वडिलांचा भुलीचा चार्ट मागून बघा, किती पाणी गेलं ते त्यात लिहिलेलं असतं.