ल्युसिल बॉलची गोष्ट नऊ वर्षांच्या मुलीला कशी सांगू?

प्रश्न:
माझी भाची नऊ वर्षांची आहे, लोकांना हसवायला तिला प्रचंड आवडतं. म्हणून तिला ल्युसिल बॉल या अमेरिकन टीव्हीवरच्या विनोदी अभिनेत्रीबद्दल सांगायला बसले, पण सुरुवातच केली ‘जन्म ६ ऑगस्ट १९११, जेम्सटाऊन, न्यूयॉर्क राज्य’ अशी आणि दोन मिनिटांत बाईसाहेब उठून खेळायला गेल्या. कुठून सुरू करू? आणि ल्युसिल तीन वर्षांची असताना तिचे वडील टायफॉईडने गेले, पुढे तिचा घटस्फोट झाला, हे एवढ्या लहान मुलीला सांगावं का?

प्रतिसाद १:
चॉकलेट फॅक्टरीपासून सुरू करा! तिच्या ‘आय लव्ह ल्युसी’ या सिरियलचा १९५२ मधला एपिसोड, ल्युसी (म्हणजे तिचीच भूमिका) आणि मैत्रीण एथेल सरकत्या पट्ट्यावरची चॉकलेटं कागदात गुंडाळतायत, पट्टा जोरात पळायला लागतो, हात पुरत नाहीत, मग तोंडात कोंब, टोपीत लपव... भाषा नाही कळली तरी मुलं लोटपोट हसतात, माझ्या मुलाने सलग तीनदा बघितला. हसून झालं की मगच सांगा की हीच मुलगी पंधराव्या वर्षी न्यूयॉर्कला नाटक शिकायला गेली तेव्हा फार बुजरी होती आणि हिला काही जमणार नाही असं तिथल्या शिक्षकांचं मत पडलं. सिरियल सुरू झाली १५ ऑक्टोबर १९५१ ला, तेव्हा ती चाळीस वर्षांची होती.

प्रतिसाद २:
तिने सिरियलची मालकी कशी मिळवली ते नक्की सांगा, मला तोच भाग सगळ्यात भारी वाटतो. तिला नवऱ्याच्या भूमिकेत स्वतःचा नवराच, देसी आर्नाझ, हवा होता. तो क्यूबाचा, लोक स्वीकारणार नाहीत असं चॅनलला वाटायचं, तर दोघांनी १९५० मध्ये गावोगाव स्टेज शो करून दाखवून दिलं. मग लाइव्ह ऐवजी फिल्मवर शूटिंग करायचं म्हणाले, समोर प्रेक्षक आणि तीन कॅमेरे, पण खर्च जास्त, म्हणून स्वतःचा पगार कमी करून घेतला आणि बदल्यात एपिसोडची मालकी मागितली. त्यातून त्यांची देसिलू कंपनी वाढली, १९६२ मध्ये देसीचा हिस्सा विकत घेऊन ती एकटी स्टुडिओ चालवायला लागली. ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळावरची सिरियल तिथेच सुरू झाली.

प्रतिसाद ३:
घटस्फोट लपवू नका, मुलांना बरोबर कळतं. १९६० मध्ये वेगळे झाले तरी मैत्री राहिली, हेही सांगा. आणि एक गंमत, ती खरंच प्रेग्नंट होती तेव्हा गोष्टीतही ल्युसीला बाळ होणार असं दाखवलं, पण संवादात ‘प्रेग्नंट’ म्हणायची परवानगी नव्हती! १९ जानेवारी १९५३ ला टीव्हीवर बाळ जन्मलं आणि त्याच दिवशी तिला खरा मुलगा झाला.

मूळ प्रश्नकर्ती:
चॉकलेटवाला दाखवला, पोट धरून हसली. मग नाटकाच्या शाळेचं सांगितलं तर एकदम गप्प झाली आणि म्हणाली, ‘तेव्हा ती घरी जाऊन रडली असेल ना गं मावशी?’ वडिलांचं उद्या सांगते.