डॅकचे आकडे नंतर, आधी हेडफोन बघा

३०० ओहमच्या हेडफोनसाठी ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्‌झचाच डॅक-अ‍ॅम्प घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. डॅक डिजिटल फाइलचा अ‍ॅनालॉग सिग्नल करतो, अ‍ॅम्प तो हेडफोनसाठी वाढवतो; आणि ओहममध्ये मोजतात तो हेडफोनचा विद्युत अडथळा, म्हणजे इम्पीडन्स. माझ्या मते त्या आकड्यांसाठी जास्त पैसे मोजू नका. सीडी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्‌झची असते आणि तेवढ्यातही साधारण ९६ डेसिबलची डायनॅमिक रेंज, म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर, मिळते. आजकालच्या स्वस्त डॅक चिपही याच्या पुढे गेल्या आहेत.

खरा फरक अ‍ॅम्पमध्ये पडतो. खोक्यावर '१०० मिलिवॉट' लिहिलेलं असतं, पण ते बहुतेक वेळा ३२ ओहमला. म्हणजे जेमतेम १.८ व्होल्ट. तेवढ्याच व्होल्टेजवर तुमच्या ३०० ओहमच्या हेडफोनला ११ मिलिवॉटच्या आसपास मिळतील. म्हणून ३०० ओहमला किती व्होल्ट मिळतात ते शोधा आणि हेडफोनची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक व्होल्टला तो किती मोठा वाजतो, ती शेजारी ठेवून बघा. एक व्होल्टला ९७ डेसिबल देणारा हेडफोन दोन व्होल्टला १०३ देईल. रोजच्या ऐकण्याला ते पुरतं, पण हळू आवाजात रेकॉर्ड केलेल्या शास्त्रीय मैफलीसाठी चार व्होल्ट असलेले बरे.

इअरफोनही त्यालाच लावणार असाल तर अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा अडथळा, जरूर तपासा. तो हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक अष्टमांशाहून कमी हवा, म्हणजे १६ ओहमच्या इअरफोनला दोन ओहमच्या आत. नाहीतर एकापेक्षा जास्त ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे भाग) असलेल्या इअरफोनच्या आवाजाचा पोतच बदलतो. गेनचं, म्हणजे अ‍ॅम्प सिग्नल किती वाढवतो ते कमी-जास्त करण्याचं, बटणही हवंच; इअरफोनला गेन कमी ठेवला की मागची सळसळ कमी होते. माझ्या पहिल्या अ‍ॅम्पला ते नव्हतं, आणि तंबोऱ्यामागची ती सततची सळसळ मला शेवटपर्यंत सहन झाली नाही.