पळवूनच न्यावं लागतं असं नाही

कुणी विचारतं, ‘बाई स्वतःहून गेली, मग मानवी तस्करी कशी?’ भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये (पूर्वीचं भारतीय दंड विधानाचं कलम ३७०) पीडिताची संमती गैरलागू धरलीय. धाक, फसवणूक किंवा आमिष दाखवून शोषणासाठी नेलं की गुन्हा झाला. सीमा ओलांडायलाच हवी असंही नाही.

रायगडमधली कातकरी आदिवासी कुटुंबं बघा. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो. दिवाळीनंतर अख्खं घर वीटभट्टीवर नाहीतर कोळसाभट्टीवर, पोरंबाळंसुद्धा. वही मुकादमाकडे, आठवड्याची खर्ची, औषधपाणी सगळं तिच्यात चढतं, आणि हंगाम संपताना ‘उचल अजून फिटली नाही’. वेठबिगारी म्हणे १९७६ सालीच कायद्याने बंद झाली! उचल घेणारा प्रत्येक जण तस्करीचा बळी नसतो, मान्य. पण भट्टी सोडतो म्हटल्यावर मारहाण होत असेल, तर त्या उचलीला नुसती उधारी कसं म्हणायचं?