फक्त ऑनलाइनला दोष का?

मध्यम किमतीची जुनी डिपार्टमेंट स्टोअर्स ऑनलाइन खरेदीमुळे ओस पडली, हे मला अर्धंच पटतं. अमेरिकेतल्या जेसी पेनी या दुकानसाखळीचं बघा. ॲपलची दुकानं नावारूपाला आणणारे रॉन जॉन्सन तिथे प्रमुख झाले आणि 2012 मध्ये त्यांनी कूपन्स, सततचे सेल बंद करून रोजचीच किंमत कमी ठेवली. हिशेब चोख होता. पण वर्तमानपत्रातलं कूपन कापून पर्समध्ये जपायचं, काउंटरवर पुढे करायचं आणि बिलावर किती वाचले ते बघायचं, यात गिऱ्हाइकाला केवढं समाधान होतं! तेच काढून घेतलं. वर्षभरात विक्री सुमारे 25 टक्क्यांनी घसरली. एप्रिल 2013 मध्ये जॉन्सनना जावं लागलं, कूपन्स परत आली; तुटलेली गिऱ्हाइकं सगळी आली नाहीत. 2020 मध्ये दिवाळखोरी.

मला त्याहून जास्त लागतं ते वेगळंच. खर्चकपातीची पहिली कुऱ्हाड जुन्या विक्रेत्यांवर पडते. मापं तोंडपाठ असलेली काउंटरवरची बाई गेली, की मुलासाठी पँट घ्यायला आलेली आई ट्रायल रूमबाहेर ताटकळते, आणि पुढच्या वेळी येतच नाही.