शोध अपघाताने लागला म्हणून शास्त्र तुक्का ठरतं का?

घोडबंदरकर:
काल इथे 'टेकडीवाले, खारघर' यांनी लिहिलं: "पेनिसिलिन अपघात, क्ष-किरण अपघात, ओझोनचं भोक अपघात. हवामानबदलाचं शास्त्र म्हणजे असल्याच योगायोगांची गोधडी. आपण काय शोधतोय हे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांच्या भाकितापायी मी माझा एसी २४ वर का ठेवू?" खाली अंगठ्यांची ही रांग. तिथेच दोन ओळी खरडणार होते, पण राग दोन ओळींत मावेना, म्हणून वेगळा धागा.

ओझोनचंच घ्या. हवेच्या वरच्या थरातला, सूर्याची अतिनील किरणं अडवणारा हा वायू. अंटार्क्टिकावर हॅली बे हे ब्रिटिशांचं ठाणं. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे डॉब्सनच्या उपकरणाने वरचा ओझोन मोजत होते. हाताने चालवायचं यंत्र, बोचरी थंडी, आणि कुणी विचारत नाही असे आकडे. जोनाथन शँकलिन हा नवा लागलेला मुलगा साचलेल्या कागदी नोंदी संगणकात भरत होता. संस्था लोकांसाठी खुली ठेवायच्या दिवशी त्याला एक आलेख लावायचा होता: बघा, काँकॉर्ड विमानांनी आणि स्प्रेच्या डब्यांनी ओझोनला काही झालेलं नाही. आलेख काढला तर तिथल्या वसंतातले आकडे वर्षागणिक घसरलेले. मे १९८५ मध्ये फारमन, गार्डिनर आणि शँकलिन यांचा निबंध 'नेचर'मध्ये आला. ऑक्टोबरात जो ओझोन ३०० डॉब्सन एककांच्या (ओझोन मोजायचं माप) आसपास असायचा तो २०० च्या खाली आला होता. ओझोनचं भोक म्हणतात ते हेच.

तो उलटंच दाखवायला निघाला होता, मान्य. पण एवढी वर्षं त्याच जागी कुणी मोजत बसलं नसतं तर त्याच्या हाती काय लागणार होतं? आणि क्लोरोफ्लुरोकार्बनमधला (तेव्हाच्या फ्रिजमधला, स्प्रेच्या डब्यांतला गॅस) क्लोरीन ओझोन फोडतो हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्येच मांडलं होतं.

दुसरं उदाहरण डान्सगार्ड या डॅनिश शास्त्रज्ञाचं. १९५२ चा जून, कोपनहेगन. पाऊस लागला म्हणून याने बिअरच्या रिकाम्या बाटलीत नरसाळं खोवून ती अंगणातल्या हिरवळीवर ठेवली. पावसाच्या पाण्यातल्या जड ऑक्सिजनचं (ऑक्सिजनचाच जरा वजनदार प्रकार) प्रमाण ढगाच्या तापमानाप्रमाणे बदलतं हे त्याला दिसलं. तिथून त्याच्या मनात आलं की जुन्या बर्फात जुनं तापमान सापडेल. पुढे ग्रीनलँडमध्ये कँप सेंच्युरीला अमेरिकी सैन्याने बर्फात खोल भोक पाडलं, त्यातला बर्फ त्याने मागून घेतला आणि हजारो वर्षांचं तापमान वाचलं. आता म्हणा बाटली हा योगायोग. घरी बाटली सगळ्यांच्या असते, कामावर असे जड-हलके अणू वेगळे मोजणारा वस्तुमान वर्णपटमापक कुणाकडे असतो?

टेकडीवाले, खारघर:
बाई, तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. आभारी आहे.

हेच ओझोनचे आकडे नासाच्या उपग्रहाला दिसत होते. संगणकाने चूक समजून कचऱ्यात टाकले. म्हणजे मोठं यंत्र नापास आणि कारकुनी करणारा पोरगा पास. याला योगायोग नाही तर काय म्हणायचं?

अऱ्हेनियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाला तर हिमयुग कशाने आलं ते शोधायचं होतं. जाता जाता १८९६ मध्ये गणित मांडलं की कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पाच-सहा अंश वाढतील. आता तुमचेच लोक तीनच्या आसपास म्हणतात. मी टीटीसी पट्ट्यात (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा) रसायनांच्या कारखान्यात उत्पादन सांभाळलं आहे. एवढा फरक आला असता तर आख्खी बॅच गटारात गेली असती. (नियमाप्रमाणे प्रक्रिया करूनच, लगेच सुरू होऊ नका.)

आणि लांबचं सोडा. गेल्या पावसाळ्यात रेड अलर्ट म्हणून शाळा बंद, नात घरी, आणि दिवसभर खारघरच्या टेकडीवर लख्ख ऊन. ज्यांना उद्याचं कळत नाही त्यांना २१०० चं कळतं म्हणे.

नेरुळ पूर्व:
+१. रेड अलर्टला ऊन आणि अलर्ट नाही त्या दिवशी सबवेत कमरेएवढं पाणी.

घोडबंदरकर:
कचऱ्यात टाकले नव्हते. फार कमी आकडे दिसले म्हणून त्यांवर शंकेची खूण झाली होती, आकडे शाबूत होते. हॅलीचा निबंध आल्यावर त्याच उपग्रहाच्या नोंदींवरून भोक केवढं पसरलंय ते नकाशावर दिसलं. 'संगणकाने फेकले' ही कथा ऐकायला मजेदार आहे, म्हणून टिकली.

अऱ्हेनियसकडे काय होतं? कागद, पेन्सिल आणि लँगली या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने चंद्रप्रकाशावर घेतलेली मापं. त्यावर महिनोन्महिने हाताने आकडेमोड. तेवढ्यावर तो दुपटीच्या आत आला. तुमच्या कारखान्यात मीटर होते, प्रयोगशाळा होती.

तळ्याकाठी:
दोघेही पाश्चात्त्यांवर अडकलात. या विषयातला सगळ्यात मोठा 'शोधायला गेलो एक' प्रकार आपल्याकडेच घडला.

१८७७ आणि १८९९ ला पाऊस दगा देऊन गेला, माणसं किडामुंगीसारखी मेली. भारतीय हवामान खात्याला मान्सूनचं भाकीत हवं होतं. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर प्रमुख झाला. केंब्रिजचा गणिती, बूमरँग फेकण्यात पटाईत, हवामानशास्त्रात नवखा. त्याने जगभरचे दाब, पाऊस, तापमान गोळा करून कशाचा कशाशी संबंध लागतो ते काढत सुटायचं ठरवलं. प्रशांत महासागराकडे दाब चढला की हिंदी महासागराकडे उतरतो, हा झोका त्याला सापडला. नाव दिलं सदर्न ऑसिलेशन. मान्सूनचं खात्रीचं भाकीत मात्र हाती लागलं नाही, १९२४ मध्ये तो निवृत्त होऊन गेला. त्या झोक्याचा एल निन्योशी (प्रशांत महासागराचं पाणी अधूनमधून तापतं तो प्रकार) धागा ब्यर्कनेस या हवामानशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये जोडला. आज मान्सूनचा अंदाज देताना एल निन्यो आधी बघतात.

आता माझं दुखणं. ती आकडेमोड वॉकरने एकट्याने केली नाही. भारतीय कारकुनांची फौज बसून ते गुणाकार करत होती. यंत्र नाही, काही नाही. झोक्याला वॉकरचं नाव, कारकुनांचं कुठे नाव आहे? आणि टेकडीवाले म्हणतात "कारकुनी करणारा पोरगा"! माझे वडील आयुष्यभर सरकारी कारकून होते, साहेब. शब्द जपून वापरा.

टेकडीवाले, खारघर:
कारकुनांचा अपमान करायचा नव्हता. पण "खात्रीचं भाकीत हाती लागलं नाही" हे तुम्हीच लिहिलंत ना? झालं तर मग.

तळ्याकाठी:
उद्या दुपारी खारघरला पाऊस पडेल का, हा एक प्रश्न. तीस वर्षांच्या सरासरीत जोराचे पाऊस वाढतील का, हा दुसरा. पहिल्यात हवा जरा इकडची तिकडे झाली की अंदाज फसतो. दुसऱ्याला अरबी समुद्र किती तापला हे पुरतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिपटीने वाढल्या. एका रेड अलर्टला ऊन पडलं म्हणून ते आकडे पुसले जात नाहीत.

ऐरोली सेक्टर:
तुमचं १८९६ चालू द्या. मला एवढंच विचारायचंय की टेकडीवाल्यांनी एसी कितीवर ठेवायचा हा जर त्यांचा खाजगी प्रश्न असेल, तर त्यांच्यासारख्यांच्या एसीची गरम हवा माझ्या गॅलरीत का येते? समोरच्या विंगची आउटडोअर युनिटं ओळीने माझ्याकडे तोंड करून. मे महिन्यात कुंड्यांतली तुळस करपली. सोसायटीच्या सभेत विषय काढला तर म्हणाले, तुम्हीपण एसी लावा.

घोडबंदरकर:
एसीचा विषय निघालाच आहे तर अवांतर नाही, मुद्द्यातलंच. व्ही. रामनाथन हा मद्रासकडचा मुलगा इंजिनिअर होऊन सिकंदराबादला फ्रिजच्या कंपनीत लागला. काम काय, तर गळणाऱ्या गॅसचा बंदोबस्त. कंटाळून अमेरिकेला गेला. तेव्हा सगळे त्या गॅसकडे ओझोनपुरतं बघत होते. याने १९७५ मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवलं की क्लोरोफ्लुरोकार्बनचा एक रेणू उष्णता अडवायला कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजार रेणूंइतका भारी पडतो.

आणि हा गॅस अपघाताने सापडलेला नव्हता बरं का. १९२८ च्या सुमारास मिजली या अमेरिकी संशोधकाने ठरवून शोधला. आधीच्या फ्रिजमधला अमोनिया, सल्फर डायऑक्साइड गळून माणसं मरायची, म्हणून बिनविषारी, न पेटणारा गॅस हवा होता. १९३० मध्ये त्याने तो सभेत छातीत भरून घेतला आणि फुंकून मेणबत्ती विझवली.

कळव्याचा कॉम्प्रेसर:
नमस्कार. एसीचं काम करतो. बराच वेळ वाचतोय, आता राहवेना.

गळतीचं त्या साहेबांनी बरोबर पकडलं. एसी गॅस 'खात' नाही. बंद पाइपात असतो, फिरून फिरून तोच. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, बहुतेक वेळा फ्लेअर नटला नाहीतर कॉइलला. ऐरोली, वाशी, कोपरखैरणे, नाल्याकाठच्या बिल्डिंगा घ्या. नाल्याच्या वासात जो गॅस असतो तो तांबं काळं करतो, कॉइलला बारीक भोकं पडतात. कस्टमरला सांगतो, नायट्रोजन मारून लीक टेस्ट करू, व्हॅक्यूम करू, मग गॅस. तो म्हणतो टाइम नाही, टॉप-अप मार आणि जा. आम्ही नाही मारला तर दुसरा मारतो.

आर-२२, ४१०ए, ३२ ही एसीतल्या गॅसची नावं. आर-२२ चा एक किलो हवेत गेला तर १८०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. वर तो थोडा ओझोनपण खातो. ४१०ए ओझोनला हात लावत नाही, पण किलोला दोन हजारच्या वर. ३२ त्यातल्या त्यात बरा, ६७५. हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात, कस्टमरला कोण शिकवणार?

टेकडीवाले साहेब, विचारतो म्हणून राग मानू नका. तुमची मशीन जुनी आहे का? दर उन्हाळ्यात गॅस भरता का?

टेकडीवाले, खारघर:
जुनी आहे, मजबूत आहे. आर-२२. हो, मार्चमध्ये भरून घेतो, त्यात काय?

ऐरोली सेक्टर:
"त्यात काय"!!

कळव्याचा कॉम्प्रेसर:
म्हणजे दर उन्हाळ्यात भरता तेवढा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बाहेर सोडता. २४ का १८ हे नंतर बघू.

टेकडीवाले, खारघर:
हे बघा, माझ्या घरातला एसी हा धाग्याचा विषय नाही. विमानाने परदेशी परिषदांना जाऊन हवामानावर भाषणं ठोकणाऱ्यांना कुणी विचारत नाही, आणि पेन्शनरच्या दीड टनाच्या मशीनवर खटला! लहानपणी गिरगावात चाळीत पंख्यावर काढली आम्ही. आता जरा गारव्यात झोपलो तर जगबुडी?

नेरुळ पूर्व:
गिरगावात पंख्यावर निघत होतं ना तेव्हा? आता का निघत नाही याचाच तर धागा आहे.

टेकडीवाले, खारघर:
टोमणे कळतात मला.

ऐरोली सेक्टर:
कळून उपयोग काय, तोंड माझ्याच गॅलरीकडे आहे.

तळ्याकाठी:
मंडळी, वैयक्तिक नको. (आणि २४ चा नियम कुणी लादलेला नाही. जानेवारी २०२० पासून स्टार रेटिंगचे एसी सुरू होताना २४ वर सुरू होतात, एवढंच. खाली करायला रिमोट तुमच्याच हातात आहे.)

घोडबंदरकर:
माझा प्रश्न अजून तिथेच आहे, टेकडीवाले. नको असलेलं उत्तर आलं तेव्हा शँकलिनने आलेख लपवला नाही, इतरांनी तो ताडून पाहिला, आणि १९८७ मध्ये माँट्रिअलला करार होऊन ते गॅस आवरते घेतले. याला तुम्ही अजून तुक्काच म्हणणार?

टेकडीवाले, खारघर:
ओझोनपुरतं मान्य. लिहून ठेवा, भिंतीवर लावा. तिथे मोजलं, तपासलं, उपाय केला, फरक पडला. अऱ्हेनियसचंही एक वेळ चालवून घेतो, चंद्राच्या उजेडात हिशेब करणाऱ्याला सूट द्यायला हवी. पण २१०० च्या आकड्यांवर माझी शंका कायम आहे आणि रेड अलर्टवर तर मी स्वतंत्र धागा काढणार आहे.

कॉम्प्रेसरवाले, ती लीक टेस्ट की काय म्हणालात, खारघरला येता का? आणि किती घेता?

कळव्याचा कॉम्प्रेसर:
येतो. भाव इथे नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पण आधीच सांगतो, कॉइल गेली असेल तर मी टॉप-अप मारणार नाही.

ऐरोली सेक्टर:
मलाही व्यनि करा. समोरच्या विंगचे नंबर देते.