मदत हवी आहे : मराठीतून बोलणारा समुपदेशक

११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा लागू केलं, तेव्हा धाकटा भाऊ कॉलेजात होता. त्यानंतर कित्येक महिने त्याला धड झोप नव्हती. २०१८ मध्ये कोर्टाने समलिंगी संबंध गुन्हा नाही असा निकाल दिला, त्या रात्री फोनवर नुसता रडला. आई अजून म्हणते, "स्वभावच हळवा त्याचा." मला हे पटत नाही. अमेरिकेत २००४-०५ मध्ये ज्या राज्यांनी समलिंगी विवाहावर बंदी घातली, तिथल्या समलिंगी लोकांत नैराश्य आणि चिंतेचे आजार वाढलेले अभ्यासात दिसले. बंदी नसलेल्या राज्यांत तशी वाढ नव्हती.

कोल्हापूर-सांगलीकडे आईशी मराठीत नीट बोलेल असं कुणी माहीत आहे का? 'समलिंगीपणा बदलून देतो' म्हणणारे कृपया नकोत, २०२२ पासून डॉक्टरांसाठी तो व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे. ऑनलाइनही चालेल.