समृद्धीवरून विदर्भ दिसत नाही, राजेहो

तुम्ही दोघं गाडीने पुण्याहून नागपूरला निघताय, वाटेत फक्त लोणार, बाकी सगळं समृद्धी महामार्गावरून सुसाट. असा बेत वाचला. मग विदर्भ पाहिला कुठं?

सिंदखेडराजाला उतराच. जिजाऊंच्या जन्मस्थानी सगळेच जातात, पण लखुजीराव जाधवांची समाधीही पाहा. १६२९ मध्ये देवगिरीवर निजामशहाच्या दरबारात दगाफटका झाला, त्या लखुजींची. लोणारला विवर वरून बघून फोटो काढून पळू नका. गावातलं दैत्यसूदन मंदिर बघा, बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम निवांत पाहण्यासारखं आहे.

माझा खरा आग्रह वर्ध्याचा. मगन संग्रहालय म्हटलं की आमच्या सौभाग्यवतींनी नाक मुरडलं होतं, "चरखेच बघायचे ना?" आत गेल्यावर त्याच हलेनात! चरख्यांचे नाना प्रकार, शेतीची अवजारं, खादी. गांधीजींनीच १९३८ मध्ये उद्घाटन केलेलं हे ग्रामोद्योगाचं संग्रहालय. तिथून सेवाग्राम हाकेच्या अंतरावर. तिथला साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा चुकवू नका. साप मारायचा नाही, पकडून लांब सोडायचा, त्यासाठीची ही सोय. परतताना वर्ध्याचा गोरसपाक घ्या, चहात बुडवून खायला.

वेळ असेल तर पवनारला धाम नदीकाठी विनोबांचा आश्रमही होतो. दिवाळीनंतर येणार असाल तर आतल्या रस्त्यांवर कापसाने फुगलेल्या गाड्या अर्धा रस्ता अडवतात, तेव्हा रात्रीचं चालवणं टाळा. आणि लोणारला मुक्काम करणार असाल तर खोली आधीच सांगून ठेवा.